हातभट्टी व व्यापाऱ्यांचे कर्तव्य

न्यूझीलंडात १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळण्यास कायद्याने मुभा आहे. अशा हौशी मंडळींत, बिअरला कडवटपणा आणणारी हॉप्सची फुले घरच्या व्हिस्कीत घालून पाहण्याचेही प्रयोग चालतात. परंतु त्यांतील कडू द्रव्ये वाफेबरोबर वर चढत नाहीत. सुगंधी तेलाचा अंश तेवढा उतरतो. तात्पर्य, भांड्यात काय घातले ह्याचा निवाडा जिभेस करता येत नाही.

तेथे हौशी मनुष्य स्वतःच्या देहावर प्रयोग करतो. आमच्याकडे तो गिऱ्हाइकाच्या देहावर होतो. गूळ व नवसागर कुजवून दारू गाळावयाची, आणि लोभ वाढला की तीत मेथॅनॉल मिसळावयाचे! हे विष चवीने ओळखू येत नाही. ते दृष्टी घेते, प्राणही घेते. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे ह्याच विषाने शंभरांवर माणसे दगावली. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात पांगरमल येथे निवडणुकीच्या मेजवानीतील बनावट दारूने अनेक संसार उघडे पाडले.

विनापरवाना दारू गाळण्यास १९४९ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु आज मोडलेली भट्टी उद्या दुसऱ्या ओढ्याकाठी पेटते. कारण माल बाजारातच मिळतो. कल्हईवाल्यास नवसागर थोडका लागतो. जो पोत्याने नेतो त्यास कारण विचारावयास नको काय? नेवाशाच्या व्यापाऱ्यांनी काळा गूळ व नवसागर ह्यांच्या मोठ्या खरेदीची नोंद ठेवावी व संशय येताच उत्पादन शुल्क खात्यास कळवावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.