कोळीवाड्याची बोली वर्गात येऊ द्या

‘मराठी शाळेत मराठीच चालली पाहिजे. दुसरी भाषा आणली की मुलं गोंधळतात आणि मराठीही बुडते.’ हे म्हणणारी माणसं मराठीवर जीव असणारी आहेत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. महाराष्ट्रात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला उत्तम मराठी आलीच पाहिजे, याबद्दल माझा त्यांच्याशी वाद नाही. वाद आहे तो ती कशी येते याबद्दल.

मुंबईत मालाडहून २७१ नंबरची बस मढ जेट्टीला येऊन थांबते. इथल्या कोळ्याच्या पोराला भरती-ओहोटी कळते, वाळवणीच्या वलांडीवर बोंबील किती वाळले ते कळतं. त्याच्या तोंडी ‘होरी’ आहे, ‘पानी’ आहे. तेच त्यानं वहीत लिहिलं की लाल रेघ येते. बंगल्यांची राखण करणाऱ्यांची, बांधकामावर आलेल्यांची मुलंही याच भागात वाढतात. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी तेलुगू. शाळेत ती गप्प बसतात आणि आपण त्यांना कच्ची ठरवतो.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, हा समज आधी तपासू. बेरीज, अर्धा, कमी-जास्त या कल्पना मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत पक्क्या होतात. एकदा कळलेली बेरीज दुसऱ्या भाषेत नव्यानं शिकावी लागत नाही, फक्त तिचं नवं नाव शिकावं लागतं. कॅनडाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलं ते हेच, की घरच्या भाषेतला पाया दुसऱ्या भाषेला आधार देतो. कॅलिफोर्नियानं १९९८ मध्ये मतदानानं द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधनं घातली. २०१६ मध्ये तिथल्याच मतदारांनी मोठ्या बहुमतानं ती उठवली. आणि इतक्या दूर तरी कशाला जायचं? आपल्याच मराठी शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग भरतात, गणित-विज्ञान इंग्रजीतून चालतं, आणि पालक ते मागून घेतात. परक्या इंग्रजीनं गोंधळ होत नसेल, तर घरच्या बोलीनं कसा होईल?

मराठी बुडेल ही भीती जास्त खोल आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, तेव्हा महाराष्ट्र उठला. स्वतःची भाषा पक्की होण्याआधी सहा वर्षांच्या मुलावर आणखी एका भाषेचं ओझं टाकू नका, असं आपण ठामपणे म्हणालो, आणि ते बरोबरच होतं. २९ जूनला सरकारनं माघार घेतली. हाच न्याय तेलुगू घरातल्या मुलाला लावायला नको का? फरक आहे, तो मी मानतो: इथं राहणाऱ्याला मराठीवाचून गत्यंतर नाही, पहिलीतल्या हिंदीचं तसं नव्हतं. म्हणून मराठी पहिल्या दिवसापासून हवीच. पण ती घरच्या भाषेच्या हाताला धरून यावी. बेळगावातल्या मराठी मुलांसाठी आपण संविधानाच्या कलम ३५०अ चा आधार घेतो. १९५६ मध्ये आलेलं ते कलम राज्याबरोबर प्रत्येक स्थानिक संस्थेलाही सांगतं, की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करा. मुंबई महानगरपालिका त्यातून सुटत नाही.

पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेतच, असं उत्तर यावर मिळतं. खरं आहे, आणि ती मुंबईची मोठी परंपरा आहे. पण त्या आठ वेगवेगळ्या वाटा आहेत. मढच्या मुलाच्या वाट्याला जवळ असेल ती शाळा येते, आणि कोळी बोलीचं तर माध्यमच नाही. मी मागतो आहे ते एकाच वर्गात दोन भाषांना जागा देणं.

शिक्षक कुठून आणायचे? असं काम आधीही झालं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांची शाळा पाड्यात आणि कुरणात नेली. मूल जिथं आहे तिथून शिक्षण सुरू केलं. ओडिशानं २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मढमध्ये दहावी-बारावी झालेल्या कोळी मुली आहेत. त्यांतली एक पहिली-दुसरीच्या वर्गात मदतनीस म्हणून मानधनावर घ्या. तेलुगू-भोजपुरी घरांतूनही अशी माणसं मिळतील. आधी मूल आपल्या भाषेत सांगेल, बाई आणि मदतनीस ते त्याच्या भाषेत आणि मराठीत फळ्यावर लिहितील, मग दोन्ही वाक्यं वाचली जातील. ‘होरी’वर लाल रेघ न मारता शेजारी ‘होडी’ लिहा. तिसरी-चौथीपर्यंत वाचन-लेखन मराठीत स्थिर होईल. घरच्या भाषेतल्या गोष्टी आणि गाणी पुढेही वर्गात राहू द्या.

शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. मढ, एरंगळ, भाटीच्या आई-वडिलांनो, येत्या बैठकीत ही मागणी लेखी द्या आणि ठरावाच्या वहीत तिची नोंद करून घ्या.