पाणबुड्या येईपर्यंत

21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात एक बोट उलटली. करमाळा तालुक्यातील कुगावहून ती इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघाली होती. वादळी वारा सुटला, लाटा उसळल्या आणि बोटीत पाणी शिरले. बोटीत सात जण होते. त्यांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठावर आले. उरलेल्या सहा जणांमध्ये दोन लहान मुले होती. एनडीआरएफचे जवान, पोलीस आणि स्थानिक मच्छीमार शोध घेत राहिले, पण मृतदेह हाती लागायला तिसरा दिवस उजाडला.

त्याआधी 30 एप्रिल 2017 रोजी याच जलाशयात, इंदापूर तालुक्यातील अजोतीजवळ, सहलीला आलेल्या दहा डॉक्टरांची होडी उलटली होती. त्यात चौघांचा जीव गेला. अशी दुर्घटना घडली की पहिली मागणी ठरलेली असते : ‘पाणबुडे बोलवा.’ ती चुकीची नाही. पण पाणबुड्या कशासाठी येतो आणि तो येईपर्यंत काय व्हायला हवे, याचा विचार आपण करत नाही. भिगवणसारख्या गावात स्वयंसेवकांचे पाणबुडे पथक असावे, अशी कल्पना अनेकांना आवडेल. मलाही आवडते. मात्र त्याची सुरुवात ऑक्सिजनच्या नळकांड्यापासून होते असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

घड्याळ काय सांगते?

माणूस पाण्याखाली गेला की काही काळ श्वास रोखून धरतो. मग श्वास आवरत नाही, पाणी श्वासनलिकेत जाते आणि फुप्फुसांतून रक्ताला प्राणवायू मिळणे थांबते. एक-दोन मिनिटांत शुद्ध हरपते. त्यानंतर काही मिनिटांत हृदय थांबते. पाण्याखाली पाच-सहा मिनिटांपेक्षा कमी वेळ गेलेला माणूस धडधाकट वाचण्याची शक्यता चांगली असते. दहा मिनिटांनंतर ती झपाट्याने घसरते. आपल्याकडच्या कोमट पाण्यात अर्ध्या तासानंतर आशा जवळपास उरत नाही.

आता अंतर पाहा. एनडीआरएफची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. तिथून भिगवण गाठायला रस्ता मोकळा असला तरी काही तास जातात. पुण्याचे अग्निशमन दल निघाले तरी सोलापूर महामार्गाने शंभर किलोमीटरचे अंतर आहे. त्यात या यंत्रणांचा दोष नाही. जगात कुठेही बाहेरून येणारा पाणबुड्या बहुतेक वेळा मृतदेह शोधायलाच येतो. हे काम महत्त्वाचे आहे. घरच्यांना आपला माणूस शेवटचा पाहता यावा, यापेक्षा मोठी सेवा थोडी असेल. पण जीव वाचवण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. ती वेळ ज्यांच्या हातात असते ते लोक काठावरच असतात : होडीवाला, मच्छीमार, शेतावरचा मोटार चालू करायला आलेला शेतकरी, म्हशी घेऊन आलेला पोरगा.

नळकांडे लावले की पाणबुड्या होत नाही

आपल्याकडे स्कूबा म्हटले की तारकर्लीचे स्वच्छ पाणी आणि प्रवाळ आठवतात. उजनीचे पाणी तसे नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथे येऊन साठते. शेवाळाने हिरव्या झालेल्या या पाण्यात थोडे खाली गेले की उजेड संपतो. तळाशी 1980 च्या सुमारास बुडालेल्या गावांच्या भिंती आहेत, झाडांचे बुंधे आहेत. त्याहून घातक म्हणजे मच्छीमारांची सोडून दिलेली नायलॉनची जाळी. अशा पाण्यात शोध डोळ्यांनी होत नाही, हाताने चाचपडत होतो. पाणबुड्याच्या कमरेला दोर असतो, दोराचे दुसरे टोक होडीतल्या साथीदाराच्या हातात असते आणि दोघांचे बोलणे दोराच्या ठरलेल्या हिसक्यांनी चालते. तिसरा पाणबुड्या पूर्ण तयारीत वर बसलेला असतो, खालचा अडकला तर उतरण्यासाठी. म्हणजे एक माणूस पाण्यात जायचा तर किमान तिघे शिकलेले हवेत.

नळकांड्यात असते ती साधी हवा, दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन नव्हे. गोड्या पाण्यात साधारण 34 फूट खाली गेले की शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून कोणी घाबरून वर आला, तर छातीतली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. चार-पाच फुटांवरूनही असे अपघात झालेले आहेत. दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. माणूस घाईने वर आला की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, पाय लुळे पडतात, कधी जीवही जातो. किती खोलीवर किती वेळ थांबायचे आणि कसे वर यायचे याची कोष्टके ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1908 मध्ये मांडली. आजची कोष्टके त्यांचीच सुधारित रूपे.

इथे उजनीची एक गोष्ट वेगळी आहे. धरण पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास 497 मीटरवर असते. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे 6 टक्के कमी. म्हणून 300 मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात समुद्रासाठीची कोष्टके जशीच्या तशी वापरत नाहीत, ती सुधारून घ्यावी लागतात. तारकर्लीला चार दिवस शिकून आलेल्या तरुणाने इथे उडी घेणे म्हणूनच धोक्याचे. त्यात नायट्रोजनचा त्रास झाला तर उपचारासाठी उच्च दाबाचा कक्ष लागतो, आणि तो तालुक्याच्या दवाखान्यात नसतो.

जे स्थानिक तरुण नळकांड्याविना, दम धरून बुडी मारतात त्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की जास्त वेळ खाली राहता येते, असा समज आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वासांनी तो कमी होतो, पण प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. मग ‘आता वर चला’ ही सूचना येण्याआधीच माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. पट्टीचे पोहणारे बुडतात, त्यामागे कधी कधी हे कारण असते.

स्वयंसेवक काय करू शकतात

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग हा नाद नकोच. तसे नाही. ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब 1953 मध्ये सुरू झाला. त्याच्या गावोगावच्या शाखा आजही बिनपगारी प्रशिक्षक चालवतात. आठवड्यातून एकदा तरणतलावात सराव, जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचे नाही, प्रत्येक बुडीची नोंद आणि वेळोवेळी आरोग्याची तपासणी, अशी शिस्त तिथे आहे. त्याच देशात 1824 पासून समुद्रात जीवरक्षक नौका चालवणाऱ्या संस्थेचे बहुतांश खलाशीही स्वयंसेवक आहेत आणि त्या संस्थेने दोनशे वर्षांत 1 लाख 40 हजारांहून अधिक जीव वाचवले आहेत.

एवढ्या लांब जायचेही कारण नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, मावळातील वन्यजीव रक्षक संस्था, कोल्हापूरची व्हाईट आर्मी हे सगळे आपापली नोकरी-शेती सांभाळून धावणारे लोक. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातील एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले तेव्हा आणि 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला तेव्हा मावळातील स्वयंसेवक सरकारी पथकांच्या खांद्याला खांदा लावून पाण्यात होते. या संघटना एका दिवसात उभ्या राहिल्या नाहीत. ओळखीचे लोक, ठरलेले फोन, नियमित सराव आणि पोलिसांचा विश्वास यांतून त्या वर्षानुवर्षे घडल्या.

उजनीकाठी अशी माणसे आधीपासून आहेत. कुंभारगाव, डिकसळ, भिगवणचे होडीवाले हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना पाण्यात नेतात. वारा कुठून सुटतो, उथळ कुठे आहे आणि जाळी कुठे लावली आहेत, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असते. पथक याच लोकांचे व्हावे आणि ते टप्प्याटप्प्याने व्हावे.

पहिला टप्पा बुडू न देण्याचा. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असावे. अंगात, सीटखाली नाही. आभाळ भरून आले आणि वारा सुटला की होडी सुटणार नाही, हे ठरवण्याचा अधिकार होडीवाल्याचा असावा आणि प्रवाशांनी त्याच्याशी हुज्जत घालू नये. पूर्वी विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधत. तेव्हा कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही, मग जॅकेटचीच लाज का?

दुसरा टप्पा पाण्यात न उतरता वाचवण्याचा. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याला मिठी मारतो आणि दोघे जातात, हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. आधी काठी पुढे करा. पोहोचत नसेल तर कासऱ्याला तेलाचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन बांधून फेका. असा एक कॅन आणि दोर प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक होडीत टांगून ठेवायला किती खर्च येतो?

तिसरा टप्पा श्वास देण्याचा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार अजून सर्रास चालतात. त्यांनी फुप्फुसातले पाणी निघत नाही. उलट पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उताणे झोपवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, असे रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा. बुडालेल्या माणसाची मूळ अडचण प्राणवायूची असल्याने इथे श्वास देणे टाळून चालत नाही. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हाताने शिकावे लागते. एका दुपारीत ते शिकून होते.

हे तीन टप्पे ज्या पथकाला जमले, त्यातल्या निवडक निरोगी आणि इच्छुक सदस्यांनी चौथ्या टप्प्याला, म्हणजे पाण्याखालच्या शोधाला हात घालावा. दमा, फिट येणे, हृदयविकार किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल तर वैद्यकीय तपासणीत स्पष्ट नकार मिळाला पाहिजे. सांडपाण्यात उतरायचे तर लसी आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख हवा. ‘आज पाणी ठीक नाही, आम्ही उतरणार नाही’ असे सांगण्याची हिंमतही हवी. काठावर आक्रोश चालू असताना असे म्हणणे फार अवघड असते. म्हणून तो निर्णय एका माणसावर न सोडता नियमात लिहून ठेवलेला बरा.

धाडसाची किंमत कोणी द्यायची?

स्वयंसेवकांचे कौतुक करताना सरकार हात झटकते, अशी शंका रास्त आहे. स्वयंसेवकाने वेळ द्यावा. जॅकेट, दोर, होडीचे इंधन, प्रशिक्षण आणि विमा त्याने खिशातून भरू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा या तिन्हींची तरतूद आहे. उजनीकाठच्या मच्छीमारांना आणि होडीवाल्यांना त्यात प्राधान्याने घ्यायला काय हरकत आहे? जलाशय पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. बुडणारा माणूस हद्द पाहून बुडत नाही, तेव्हा तीनही जिल्हा प्रशासनांनी फोनची एकच साखळी ठरवायला हवी.

आणखी एक खर्च हिशेबात कधीच येत नाही. लहान मुलाचा मृतदेह हाताने चाचपडून वर आणणारा माणूस त्या रात्री घरी जाऊन जेवत नाही, कित्येक रात्री झोपत नाही. त्याच्याशी बोलायला कोणी असावे. पथकाच्या यादीत डॉक्टरबरोबर एका समुपदेशकाचेही नाव हवे.

देशात दरवर्षी 35 हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने बुडणे रोखण्यासाठी जे उपाय सांगितले आहेत, त्यांत शाळकरी मुलांना पोहणे शिकवणे, होड्यांचे नियम पाळणे आणि काठावरच्या सामान्य माणसांना बचाव व सीपीआर शिकवणे यांचा समावेश आहे. पुढचा पावसाळा आला की उजनी पुन्हा भरेल, हिवाळ्यात रोहित येतील आणि पाठोपाठ पर्यटकही. तोवर भिगवणच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर पंधरा-वीस होडीवाले पुतळ्याच्या छातीवर तीस दाब मोजताना दिसले, तर पाणबुडे पथकाची खरी सुरुवात झाली असे समजावे.