हर्निया, अंतर आणि हंगाम

जांघेतला हर्निया हा आपल्या व्यवसायातला सर्वांत ओळखीचा आजार आहे. दर चार पुरुषांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो आणि जगभरात दरवर्षी सुमारे दोन कोटी रुग्णांवर त्यासाठी शस्त्रक्रिया होते. इटलीत एदोआर्दो बॅसिनी यांनी १८८७ मध्ये आपली पद्धत मांडली. त्यानंतर शंभरेक वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये अर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी ताण न देता जाळी बसवण्याची रीत रूढ केली. शस्त्रक्रिया कशी करावी याबद्दलचे बरेचसे वाद त्यामुळे मिटले आहेत. शस्त्रक्रिया केव्हा करावी, कुठे करावी आणि नंतर त्या माणसाचे काय होते, हे प्रश्न मात्र चंद्रपूर आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला रोज पडतात. पाठ्यपुस्तक त्यांची उत्तरे देत नाही.

या दोन जिल्ह्यांपुरते आमचे म्हणणे असे आहे. हर्नियाचा निर्णय घेताना रुग्णाचे घर रुग्णालयापासून किती दूर आहे आणि त्याच्या कामाचा हंगाम कोणता आहे, या दोन गोष्टी केसपेपरवर लिहिल्या गेल्या पाहिजेत. तपासणीत गाठ आत जाते की नाही हे आपण जसे न चुकता लिहितो, तसेच हेही लिहावे. आणि माणूस पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंत शस्त्रक्रिया पुरी झाली असे मानू नये.

आधी अंतराचे पाहू. फारसा त्रास नसलेल्या पुरुषाच्या हर्नियावर लगेच शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवून थांबता येते, असे २०१८ चे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सांगते. त्यामागे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला मोठा अभ्यास आहे. त्यात ७२० पुरुष होते आणि थांबलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारी दोनहूनही कमी निघाले. हा आकडा खरा आहे. हर्निया दिसला की रुग्णाला भीती घालून टेबलावर घेणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा. पण त्या अभ्यासातल्या माणसाची गाठ अडकली, तर काही तासांत तो शस्त्रक्रियागृहात पोहोचू शकत होता. भामरागड किंवा सिरोंचा तालुक्यातल्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण गाठायला दीडशे-दोनशे किलोमीटर जावे लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता कित्येकदा बंद पडतो. जिवतीच्या डोंगरावरल्या गुड्यातून आधी पायी किंवा खाटेवर उतरायचे, मग गाडी शोधायची. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर हाती तासच असतात आणि इथे ते तास वाटेत जातात. धोका क्वचितच उद्भवतो, हे शहरात जितके खरे तितकेच इथेही आहे. फरक तो उद्भवल्यावर पडतो.

त्याच अभ्यासातल्या रुग्णांचा पुढे दहा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा थांबलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती, मुख्यतः वेदना वाढल्यामुळे. म्हणजे थांबणे हे बहुतेकांच्या बाबतीत पुढे ढकलणेच ठरते. आणि पुढेच ढकलायचे असेल, तर ते कुठवर हे रुग्णाशी बोलून ठरवता येते. गावातून बारमाही रस्ता असलेला, मुलगा हाताशी असलेला साठीचा शेतकरी निश्चिंतपणे थांबू शकतो. पावसाळ्यात गाव तुटत असेल, गाठ अंडकोशात उतरत असेल आणि कधीकधी आत ढकलायला वेळ लागत असेल, तर येत्या पावसाळ्याआधीची तारीख द्यावी. बाईच्या जांघेत गाठ दिसली तर थांबूच नये. ती मांडीच्या वाटेचा हर्निया असण्याचा संभव मोठा आणि तो अडकण्याचा धोकाही मोठा. डोक्यावर मोळी आणि काखेत मूल घेऊन चालणाऱ्या बायका जांघेतली गाठ आपण होऊन दाखवत नाहीत. पोटात दुखून उलट्या होणाऱ्या प्रत्येक बाईची जांघ पाहायची, एवढा एक नियम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने पाळला तरी काही जीव वाचतील.

आता हंगाम. गडचिरोलीचा सुमारे सत्तर टक्के भूभाग जंगलाखाली आहे आणि इथले वर्ष जंगल आणि धान मिळून ठरवतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, मग चुरणा. मार्च-एप्रिलला मोह वेचायचा. मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि वर्षातला मोठा रोख पैसा त्या थोड्याशा दिवसांत हाती येतो. ज्याला आपण एप्रिलमध्ये ‘उद्या भरती व्हा’ म्हणतो, त्याला आपण तेंदूचा हंगाम सोडायला सांगत असतो. तो परत येत नाही तेव्हा केसपेपरवर ‘रुग्णाचा नकार’ असा शेरा पडतो. चुरणा आटोपल्यापासून मोह गळायला लागेपर्यंतचे दोन-अडीच महिने, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ, हा ठरवून करायच्या हर्निया शस्त्रक्रियेचा खरा काळ आहे. रस्ते उघडे असतात, कामाचा ताण कमी असतो आणि जखम भरायला पुरेसे दिवस मिळतात. वर्षभर जिथे जिथे हर्निया सापडतील, त्यांची यादी आशाताई आणि उपकेंद्राकडून घेऊन या काळातल्या तारखा दसऱ्याच्या सुमारासच द्याव्यात.

यादी करताना पहिली अडचण निदानाची येते. दोन्ही जिल्ह्यांत हत्तीरोग आहे आणि त्यामुळे अंडवृद्धीही आहे. गावात हर्निया आणि अंडवृद्धी या दोन्हींना एकच नाव असते आणि बाह्यरुग्ण विभागातही घाईत दोन्ही एकाच रांगेत बसतात. गाठीच्या वर बोटे पोहोचतात का, खोकल्यावर धक्का लागतो का, अंधारात बॅटरीचा प्रकाश आरपार जातो का, या तीन तपासण्यांना दोन मिनिटे लागतात. लहान बाळाच्या बाबतीत मात्र बॅटरीवर विसंबू नये, कारण त्याच्या आतड्यातूनही प्रकाश जातो. बाळाचा हर्निया थांबण्याजोगा नसतो. त्याला जाळीही लागत नाही, फक्त पिशवी बांधावी लागते. ते काम बालशस्त्रक्रियेचा सराव असलेल्या हातांनी आणि चांगल्या भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे.

दुसरी तयारी रक्ताची. विदर्भातल्या सिकलसेलची नोंद १९५८ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. तरीही जांघेची शस्त्रक्रिया ‘छोटी’ म्हणून सिकलसेलची चाचणी राहून जाते. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाणी कमी पडणे आणि प्राणवायू कमी पडणे या तिन्ही गोष्टी घातक ठरतात. डिसेंबरच्या पहाटे गाडीत बसून रिकाम्या पोटी आलेला आणि दुपारपर्यंत उपाशी ठेवलेला माणूस यांपैकी दोन गोष्टी सोबत घेऊनच टेबलावर येतो. भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी देता येते, ते द्यावे. पांघरूण द्यावे. शस्त्रक्रियेनंतर ताप आला तर जखमेकडे पाहताना मलेरियाची रक्ततपासणीही करावी, कारण राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवरच आहे. बिडीचा खोकला, खर्रा, रोजची दारू यांची चौकशी आधी झाली, तर तिसऱ्या रात्री दारू तुटल्याने बडबडणारा रुग्ण आपल्याला चकित करणार नाही.

भुलेबाबत आमचा स्पष्ट आग्रह आहे. आत जाणाऱ्या, एका बाजूच्या हर्नियासाठी जागेवरची भूल हीच आपली पहिली निवड असावी. लिख्टेनस्टाइन यांची पद्धत जागेवरच्या भुलेखालीच घडली. या भुलेने लघवी अडकण्याचे प्रमाण कमी होते, माणूस त्याच दिवशी चालतो आणि भूलतज्ज्ञ नसल्यामुळे पुढे ढकलल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया वाचतात. मात्र तिचे गणित चोख हवे. अॅड्रेनलिनसह लिग्नोकेनचा कमाल डोस किलोमागे ७ मिलिग्रॅम धरला, तर पंचेचाळीस किलोच्या माणसाला ३१५ मिलिग्रॅम चालते. एक टक्क्याच्या द्रावणाचे ते जेमतेम ३१ मिलिलिटर होतात. तेच अर्धा टक्का केले की ६३ मिलिलिटर मिळतात आणि निवांत काम होते. सत्तर किलोच्या माणसासाठी लिहिलेले आकडे आपल्या रुग्णांना लावू नयेत.

जाळीच्या बाबतीत महाराष्ट्राच्या ग्रामीण शल्यचिकित्सकांनी जगाला दिलेले देणे आपण विसरू नये. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरली आणि सहकाऱ्यांसोबत अनेक केंद्रांवरचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. गरीब रुग्णाला महागडी जाळी परवडत नाही म्हणून ताण देऊन शिवण्याची कमी दर्जाची शस्त्रक्रिया का करावी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच जाळीची यादृच्छिक चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते. याचा अर्थ बाजारातली कुठलीही मच्छरदाणी कापून वापरावी असा मुळीच नाही. कीटकनाशक लावलेले कापड तर निषिद्धच. कोणते कापड, कोणत्या तापमानाला निर्जंतुक केलेले, हे तपासलेले असावे लागते आणि रोपण साहित्यावर आता कायद्याचे नियमनही आहे. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीशिवाय, रुग्णाच्याच स्नायूपटलाची पट्टी वापरून दुरुस्तीची रीत दिली. पोलंडमध्ये २०८ रुग्णांवर जाळीच्या पद्धतीशी झालेल्या तुलनेत तीन वर्षांनंतर दोन्ही गटांत हर्निया उलटण्याचे प्रमाण सारखेच निघाले. जाळी हाती नसेल किंवा जखम दूषित होण्याचा धोका असेल, तेव्हा हा पर्याय माहीत असलेला बरा.

आता उरतो तो भाग, ज्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. रुग्णाला घरी सोडताना आपण सवयीने सांगतो, ‘तीन महिने वजन उचलू नका.’ जाळीच्या शस्त्रक्रियेनंतर या सल्ल्याला आधार नाही. दुखणे सोसवेल त्या मानाने तीन ते पाच दिवसांत नेहमीचे व्यवहार सुरू करावेत, असे मार्गदर्शक सांगते. रोजीवर जगणाऱ्या माणसाला तीन महिने बसवणे म्हणजे त्याला कर्जात लोटणे. हे ऐकून त्याचा शेजारी आपला हर्निया वर्षानुवर्षे लपवतो, पट्टा बांधतो आणि गाठ अडकल्यावरच येतो. म्हणून सल्ला त्याच्या कामाच्या भाषेत द्यावा. त्याच दिवशी चालायचे. जेवण नेहमीचे, पाणी भरपूर, शौचाला जोर करावा लागू नये. आठवडाभरात घरातली हलकी कामे. मग दुखेल तिथे थांबत वाढवत जायचे. बांबूचा भारा किंवा धानाचे पोते उचलण्यासाठी साधारण चार ते सहा आठवडे घेतले तर मनाला आणि जखमेला दोन्हींना धीर येतो. हिवाळ्यात शस्त्रक्रिया झालेला माणूस मोहाला आणि तेंदूला सहज उभा राहतो. हे त्याला तारखेसह सांगावे आणि गरज तिथे माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याकडून सांगावे.

जखमेखाली पाणी साचून आलेली फुगवटी म्हणजे हर्निया परत आला, असे समजून माणसे घाबरतात. ती बहुधा काही आठवड्यांत जिरते, हे आधीच सांगून ठेवावे. वाढता ताप, पू, लघवी न होणे, अंडकोश काळानिळा पडून सतत सुजत जाणे, ही परत येण्याची कारणे. दहातल्या एखाद्याची वेदना तीन महिन्यांनंतरही उरते. ती त्याची कल्पना नसते. शस्त्रक्रिया करताना तिन्ही नसा ओळखून जपणे हा तिच्यावरचा पहिला उपाय आहे.

हे सगळे पाहणार कोण? उत्तर या दोहोंपैकी एका जिल्ह्याने दिलेले आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९९ मध्ये दाखवून दिले की प्रशिक्षित गावकरी बाई घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ शकते आणि मृत्यू रोखू शकते. जी व्यवस्था बाळाचा श्वास मोजू शकते, तिला जांघेची जखम पाहता येणार नाही असे कोण म्हणेल? ‘सर्च’च्या शोधग्राममधल्या माँ दंतेश्वरी रुग्णालयाची रचना आदिवासींना विचारून झाली आणि नातेवाईक सोबत राहतील अशी सोय तिथे केली गेली. हेमलकशाला १९७३ पासून लोक बिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसलेल्या काळात शस्त्रक्रिया केल्या. त्यामागे लोकांचा कमावलेला विश्वास होता. शिबिरांसाठी नागपूर-मुंबईहून येणाऱ्या शल्यचिकित्सकांचे आपल्यावर ऋण आहे. पण शिबिराचा पाहुणा परत गेल्यावर रुग्ण आपला असतो.

चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. ‘राजीव गांधी जीवनदायी’ योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. आज तीच योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. साधने पूर्वीपेक्षा खूप वाढली आहेत, आता नोंद हवी. म्हणून शासकीय, संस्थेच्या आणि खासगी रुग्णालयांत काम करणाऱ्या सर्व सहकाऱ्यांना आमचे आवाहन आहे. येत्या हिवाळ्यात केलेल्या प्रत्येक हर्निया शस्त्रक्रियेसाठी एक साधे पान ठेवा. त्यावर गाव, अंतर, भूल, जाळीचा प्रकार, सातव्या आणि तिसाव्या दिवसाची आशाताईंची नोंद, कामावर परतल्याची तारीख आणि वर्षानंतरची तपासणी, एवढेच असावे. अडकून आलेल्या रुग्णांसाठी आणखी एक ओळ लिहा, घरातून निघाल्यापासून टेबलावर येईपर्यंत किती तास गेले याची. वर्षभरानंतर ही पाने एकत्र ठेवली, तर कोणत्या तालुक्यात शस्त्रक्रियागृह आधी उघडायला हवे आणि कोणता सल्ला बदलायला हवा, हे आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल. ते आकडे छापण्यासाठी या मासिकाची पाने खुली आहेत.