ओढवून घेतलेलं मरण

परवा रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली, सगळे पंख्याखाली आडवे. भाची फोनवर एमी वाइनहाउसचं गाणं लावून बसली होती. (२०२४ साली तिच्यावर सिनेमा आला, तेव्हापासून भाचीच्या वयाच्या मुलींना ही बाई नव्याने सापडली आहे बहुतेक.) आमच्या भाऊजींनी डोळे न उघडताच विचारलं, "ही तीच ना गं, दारू पिऊन मेली ती?" भाची हो म्हणाली. भाऊजी म्हणाले, "मग ठीक आहे. स्वतःच ओढवून घेतलं." आणि कुशीवर वळून झोपले.

मला झोप लागेना. ते 'मग ठीक आहे' डोक्यात बसलं. सत्तावीस वर्षांची मुलगी घरात मरून पडते, यात 'ठीक' काय आहे? भाऊजी सज्जन माणूस आहेत. माझं लिखाण न चुकता वाचतात, म्हणजे हेही वाचतीलच. भाऊजी, राग मानू नका, पण आज तुमच्याशी भांडायचं आहे. आणि थोडं स्वतःशीसुद्धा.

२०११ साली मी कंपनीच्या कामाने लंडनला होतो. चौघं मराठी पोरं एका फ्लॅटमध्ये राहायचो. २३ जुलैचा शनिवार. संध्याकाळी खिचडीचा कुकर लावलेला आणि टीव्हीवर खाली पट्टी सरकायला लागली, की एमी वाइनहाउस कॅम्डनमधल्या राहत्या घरी मृतावस्थेत सापडली. आमच्यातला एकजण पटकन म्हणाला, "नावातच वाइन होती, दुसरं काय होणार!" चौघंही खो खो हसलो. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं सोवळेपणाचं वाटेल.

आम्ही काही जगावेगळे नव्हतो. ही बाई मरायच्या कितीतरी आधीपासून लोक तिच्या मरणाचीच वाट बघत होते. अक्षरशः! ती कधी मरणार याची तारीख ओळखा आणि आयपॉड जिंका, अशी एक वेबसाइट चालायची तेव्हा. इंग्लंड-अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या विनोदवीरांना तर ती हक्काचं गिऱ्हाईक होती. २००८ च्या फेब्रुवारीत तिला पाच ग्रॅमी मिळाली, त्यातली तीन 'रीहॅब' या एका गाण्याला. गाणं कशाबद्दल, तर व्यसनमुक्तीच्या उपचारांना जायला नकार देण्याबद्दल. झालं, विनोद करणाऱ्यांना कच्चा माल तिनेच पुरवला. त्याच वर्षी जानेवारीत एका इंग्रजी टॅब्लॉइडने ती ड्रग्ज ओढत असल्याचा व्हिडिओ छापून आणि दाखवून धंदा केला. घराबाहेर फोटोवाल्यांचा पहारा असा, की २००९ मध्ये तिला कोर्टात जाऊन एका फोटो एजन्सीविरुद्ध मनाई हुकूम आणावा लागला. दारातून बाहेर पडता यावं म्हणून कोर्ट!

आणि मग बेलग्रेड. १८ जून २०११, म्हणजे मरायच्या जेमतेम पाच आठवडे आधी. मैदान भरलेलं. ती स्टेजवर आली तीच झोकांड्या खात. शब्द विसरत होती, वादकांना मिठ्या मारत होती, मध्येच गप्प होत होती. लोक हुर्यो उडवत होते. पुढचा दौरा रद्द झाला. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी जगभर. सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी तो आम्ही पाहिला, आणि नंतर आलेल्याला "अरे हे बघितलंस का" म्हणून परत लावून दाखवला. दाखवणारा मी होतो.

तर अशी सगळी तयारी झाल्यावर ती मेली, आणि मग लोकांना काय काय सुचलं ते बघण्यासारखं होतं.

एक गट भाऊजींचा. दारुडी होती, मेली, विषय संपला. दुसरा गट जरा शिकलेला. आदल्याच दिवशी, २२ जुलैला, नॉर्वेत त्या माथेफिरूने ७७ माणसं मारली होती, त्यातली बरीचशी उटोया बेटावर शिबिराला आलेली कोवळी पोरं. त्यामुळे हा गट म्हणाला, तिकडे पोरं मारली गेली आणि तुम्ही एका नशेबाज गाणारीसाठी रडता? लाज वाटत नाही? आमच्या फ्लॅटवरही हा मुद्दा निघाला. शिवाय १३ जुलैला मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला स्फोट झाले होते, त्यामुळे आमच्याकडे हुकमाचं पान डबल. वरवर मुद्दा बिनतोड वाटतो. पण जो हे तावातावाने म्हणत होता, त्याने दहा दिवसांपूर्वी दादरच्या स्फोटानंतर घरी एक फोन केला, सगळे ठीक आहेत कळल्यावर क्रिकेट लावलं. मीही तेच केलं होतं. तेव्हा नाही कुणी रडलं, आणि रडायलाच हवं होतं असंही माझं म्हणणं नाही. पण एमीच्या मरणावर कुणी हळहळला की मात्र याला लगेच नॉर्वे आठवलं. रडू म्हणजे काय रेशनचं रॉकेल आहे? एकाला जास्त दिलं तर दुसऱ्याचा कोटा कमी होतो? उटोयाच्या पोरांची आठवण ज्याला खरंच छळत असेल, तो ती दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला फडक्यासारखी वापरणार नाही.

तिसरा गट चाहत्यांचा. यांच्यावर माझा जास्त राग आहे, कारण हे प्रेम करणारे. रविवारी दुपारी मी कॅम्डन स्क्वेअरला गेलो. का गेलो माहीत नाही. उत्सुकता म्हणा, थोडी टोचणी म्हणा. झाडाखाली फुलांचा ढीग, मेणबत्त्या, पत्रं, चित्रं. आणि त्यांच्या मधोमध व्होडकाच्या बाटल्या, वाइनचे ग्लास, सिगरेटची पाकिटं. श्रद्धांजली म्हणून! दारूने मेलेल्या मुलीच्या दारात लोक दारू ठेवून हात जोडत होते. काही महाभाग तर तिच्या रस्त्याच्या नावाच्या पाट्याही आठवण म्हणून उचकटून घेऊन गेले. आणि वर ते 'सत्तावीसचा क्लब' प्रकरण. हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कोबेन सगळे सत्तावीसाव्या वर्षी गेले, आता हीसुद्धा, काय तो योगायोग, काय ते शापित तारे... अरे कसला क्लब? सभासद होऊन करायचं काय त्यात?

या सगळ्या गोंधळात ती मेली कशी, हे कुणी नीट वाचलंच नाही. मीही तेव्हा नाही वाचलं, फार नंतर वाचलं. चौकशीत बाहेर आलं ते असं: शरीरात बेकायदा ड्रग्जचा मागमूस नव्हता. रक्तात दर शंभर मिलीलीटरला ४१६ मिलिग्रॅम अल्कोहोल. गाडी चालवायची इंग्लंडातली मर्यादा ८०, आणि साडेतीनशेला माणूस जाऊ शकतो असं मानतात. खोलीत व्होडकाच्या रिकाम्या बाटल्या. पण त्याआधीचे जवळजवळ तीन आठवडे तिने थेंबही घेतला नव्हता. सोडायचा प्रयत्न चालू होता, पुन्हा सुरू झालं ते शेवटच्या तीन-चार दिवसांत. आदल्या संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन भेटून गेल्या होत्या, आणि मला मरायचं नाही, असं ती त्यांना म्हणाली होती. आधी बुलिमिया, म्हणजे खाऊन मुद्दाम ओकून टाकायचा आजार, त्याने शरीर आतून खिळखिळं झालेलं होतं, असं तिचा भाऊ नंतर म्हणाला. आणि थोडे दिवस बंद ठेवलं की दारू पेलायची सवय मोडते, मग पूर्वीचंच माप जिवावर बेततं. म्हणजे जी 'ओढवून घेत' होती असं आपण म्हणतो, ती त्या महिन्यात सोडायची धडपड करत होती. न सोडणारी कदाचित त्या रात्री वाचली असती.

आता खरं सांगतो मी हे एवढं का उकरून काढतोय ते.

आमचे धाकटे मामा २००३ साली गेले. वय एकेचाळीस. कावीळ, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातापायाच्या काड्या. नातेवाईकांपैकी जे हे वाचतायत त्यांना सगळं माहीतच आहे. तेराव्याला पंगत बसली तेव्हा मी वाढत होतो, आणि पानापानावर तेच वाक्य ऐकत होतो. स्वतःच्या हाताने केलं. कुणाचं ऐकलं नाही. सुटली बिचारी बायको.

पण याच मंडळींनी मामांना नऊ वर्षं आधी काय केलं होतं? ९४ सालची थोरल्या दादाची वरात आठवा. कराडला. बँडवाल्यांनी नागीण धरली आणि मामांना पुढे ढकललं कुणी? रुमाल दातात धरून मामा रस्त्यावर लोळले, उठताना बत्तीवालीच्या अंगावर गेले, धोतर सुटलं. कोण हसलं नाही? "मामा वन्स मोअर!" मीच ओरडलो होतो, मला तेव्हा अक्कल नव्हती, पण मोठ्यांना होती ना? "मामांना जरा द्या रे, त्याशिवाय रंगत नाही," असं म्हणून बाटली पुढे करणारी माणसं नंतर तेराव्याला मान हलवत बसली होती. त्या वरातीची कॅसेट पुढे दर दिवाळीला लागायची. मामा स्वतःही बघायचे. सगळ्यांबरोबर हसायचे. त्यांच्याकडे दुसरं काय होतं हसण्याशिवाय?

मामांचा दोष नव्हता असं मी म्हणत नाही. मामीचे दागिने गेले, पोराची फी गेली, एकदा मामीचा हात मोडला. एमीनेही लोकांना मारलंय, तिकिटं काढलेल्यांना ताटकळत ठेवलंय. मामी त्या दिवशी 'सुटले' म्हणाली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो. तो तिचा हक्क. जो त्यात भरडला गेला त्याने काहीही म्हणावं. (मामी म्हणाली नाही, हा भाग वेगळा. ती ढसाढसा रडली, आणि तेही लोकांना खटकलं.) पण जे फुकटात तमाशा बघत होते, टाळ्या वाजवत होते, त्यांना हा निकाल द्यायचा अधिकार कुठून आला?

'ओढवून घेतलं' म्हणण्यात एक मोठी सोय आहे. तेवढं म्हटलं की आपण त्या वरातीत नव्हतोच. बेलग्रेडच्या मैदानात नव्हतो, तो व्हिडिओ आपण कुणाला दाखवला नव्हता. मधुमेही माणूस श्रीखंड खाऊन गेला तर आपण हळहळतो, "शेवटपर्यंत गोड सुटलं नाही हो त्यांचं," असं प्रेमाने सांगतो. दारूच्या बाबतीत मात्र थेट चित्रगुप्ताची वही उघडतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंनी त्याला मदत केली. व्यसन हा आजार आहे हे तिथे तेव्हापासून सांगतायत. आपल्या घरात अवचटांची पुस्तकं होती, भाऊजी. कपाटातच होती. कराडहून पुणे किती लांब? एकदाही कुणी मामांना गाडीत घालून तिकडे नेलं नाही. नेलं असतं तर वाचले असते असं नाही म्हणत मी. एमीलाही उपचार मिळाले होते, डॉक्टर होते, पैसा होता, तरी गेली. पण न्यायला हवं होतं.

असो. भाचीला मी त्या दुपारी काही बोललो नाही. २०१५ साली आसिफ कपाडियाने एमीवर केलेला माहितीपट तिला बघायला सांगितलाय, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालेला. आपण ज्यावर हसलो ते सगळे विनोद त्यात आहेत, आणि ती चेष्टा ज्या चेहऱ्यावर चालली होती तो चेहराही.

आणि एक काम आहे. गेल्या आठवड्यात धाकट्याने ती जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि नेमका नागिणीचा तुकडा कापून आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली बत्तीस जणांचे हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आहेत. मी मोजले. बाळा, तुझा हेतू वाईट नाही हे मला ठाऊक आहे, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. पण तो तुकडा काढून टाक. मामी आहे त्या ग्रुपवर. तिच्या नावापुढे दोन निळ्या खुणा दिसतायत.