बदलीचे निमित्त

शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि बदल्यांचे हुकूम निघू लागले, की दिल्लीतील सरकारी वसाहतींपुढे ट्रक उभे राहतात. कपाटे चढतात, गाद्या चढतात, तुळशीची कुंडीदेखील जपून चढवली जाते. चढत नाही तो कुत्रा. कोणी त्याला माळ्याच्या गळ्यात बांधतो, कोणी ‘चार दिवसांची सोय’ म्हणून आश्रयगृहात ठेवून येतो, आणि कोणी फाटकाची कडी काढून त्याला स्वातंत्र्य बहाल करतो. यांत आपली मराठी मंडळी नसतात, असे सांगता आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते.

विचारावे, तर उत्तर ठरलेले: “काय करणार? आमची बदलीची नोकरी!” पण कुत्रा घेतला तेव्हाही नोकरी बदलीचीच होती. रेल्वे त्याला नेत नाही असेही नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा कूपे संपूर्ण आपल्या नावावर असेल तर तो मालकाबरोबर जातो; तेवढी ऐपत नसलेल्या आम्हां कारकुनांसाठी गार्डाच्या डब्यातील पेटी आहे. ती सुखाची नव्हे. परंतु परक्या फुटपाथाहून खचित बरी.

1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किमान 10 आणि फार तर 50 रुपये! त्या काळी 50 रुपये कारकुनाला जाणवत. आज तेवढ्यात सामान बांधण्याची दोरीही पुरेशी येत नाही.

आश्रयगृह म्हणजे बोर्डिंग नव्हे. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालचे फ्रेंडिकोजचे आवार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जागेची टंचाई समजावून सांगायला नको. पाय मोडलेली, खरजेने केस झडलेली, आईवाचून राहिलेली पिले यांच्यासाठी अशा जागा असतात. तेथे घरात वाढलेला धडधाकट कुत्रा नेऊन बांधणे, म्हणजे इस्पितळातील खाट निरोगी माणसाने अडवणे होय. गर्दीत पार्व्हो आणि डिस्टेंपर झपाट्याने पसरतात. लसींचा क्रम पुरा न झालेली पिले पटापट दगावतात. जो जगतो तो अहोरात्र चाललेल्या भुंकण्याने इतका भेदरतो, की दत्तक घ्यायला आलेला गृहस्थ “हा माणूसघाणा दिसतो” असा शेरा मारून परत जातो.

यावर एक उपाय आहे: फॉस्टर, म्हणजे तात्पुरते पालकत्व. कायमचे घर मिळेपर्यंत तीन आठवडे, दोन महिने, एक कुत्रा आपल्याकडे सांभाळायचा. तेवढ्यात तो घरात कसे राहावे ते शिकतो. मुलांशी कसा वागतो, कुकरच्या शिटीला बिचकतो की काय, हे कळते आणि दत्तक घेणाऱ्याला ते खरेखुरे सांगता येते. शिवाय आश्रयगृहात एक जागा मोकळी होते. कायमचा शब्द येथे कोणी मागतच नाही! म्हणजे ज्या बदलीला आपण अडचण म्हणून पुढे करतो, तीच येथे पात्रता ठरावी. (कुत्रा साहेबांचा आणि फरशी पुसणे बाईंकडे, हा आपल्या घरांतील जुना न्याय मात्र आधी मोडावा लागेल.)

सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून आश्रयगृहांत ठेवण्याचा हुकूम दिला, तेव्हा आपल्यांतही दोन तट पडले. कुत्रा चावलेल्यांचा राग खोटा नव्हे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्यच. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो हुकूम बदलला: पिसाळलेली व आक्रमक वगळता, बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागीच सोडावीत. त्याच हुकुमात असेही आहे, की प्राणिप्रेमींना महानगरपालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेता येईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची. या कलमावर मात्र कोणी भांडले नाही. पुढे 7 नोव्हेंबरला, शाळा, इस्पितळे, स्थानके येथून उचललेली कुत्री तेथे परत सोडू नयेत, असे ठरले. आश्रयगृहांवरचा भार याने हलका होणार नाही, हे उघड आहे.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना अभिमानाने सांगतो. ते नामदेवही पंजाबात घुमानला राहिले होते, घरापासून दूरच. कथा सांगणारे वडीलच उन्हाळ्यात कुत्रा मागे टाकून गाडीत बसले, तर मुलांनी कोणती गोष्ट लक्षात ठेवावी?

बदल्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, गुढीपाडव्याच्या सुमारास, ठिकठिकाणच्या महाराष्ट्र मंडळांच्या फळ्यांवर, नाटकाच्या जाहिरातीशेजारी, दोन याद्या लागाव्यात: बदली झालेल्यांच्या कुत्र्यांची एक, आणि दोन महिने जागा देऊ शकणाऱ्या घरांची दुसरी. पहिली भरायला वेळ लागणार नाही. दुसरीसाठी नावे या मासिकाच्या पत्त्यावर कळवली तरी चालतील. संपादकांची संमती मी घेतली आहे.