जाऊ दे ना, मिळेल ते घे!



"अगं, जाऊ दे ना, मिळेल ते घे." हे वाक्य आपल्यातल्या कोणत्या बाईने ऐकलेलं नाही? कधी यजमान म्हणतात, कधी जावा, कधी फोनवरून लेक म्हणते. विशेषतः घरातली जुनी वस्तू मोबाईलवर विकायला टाकली की हे हमखास कानावर येतं. आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे, कारण हा सल्ला वरून शांत वाटला तरी खर्च मात्र बाईच्याच खात्यात टाकतो.

अंजनवेलसारख्या गावात आता घरोघरी एकच गोष्ट चालली आहे. मुलं पुण्या-मुंबईला, काही परदेशात. घरात दोन माणसं आणि वस्तू वीस माणसांच्या. पंक्तीची पितळी पातेली, तांब्याचं घंगाळ, सागवानी कपाट, पायाचं शिलाई मशीन, नातवंडं एकदाच बसलेली सायकल. पूर्वी बोहारीण यायची, तिच्याशी दारात तासभर हुज्जत घालून दोन साड्यांवर एक पातेलं घ्यायचं. आता ओएलएक्स नाहीतर फेसबुक. फोटो काढायचा, किंमत लिहायची आणि वाट बघायची.

मग निरोप येतो: "फायनल किती?" नमस्कार नाही, वस्तूची चौकशी नाही. साडेचार हजार लिहिलेल्या शिलाई मशीनला "हजारला देता का?" आपण नाही म्हटलं की, "आंटी, आजकाल हे कोण घेतं? भंगारात जाईल." आणि शेवटचं हत्यार, "घरात काका आहेत का? त्यांच्याशी बोलतो." म्हणजे मशीन चालवलं बाईने, पुसलं बाईने, तेलपाणी केलं बाईने, आणि भाव ठरवायला मात्र काका!

घासाघीस वाईट असं मी म्हणत नाही. ती आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. साडेचार हजारांच्या वस्तूला कुणी साडेतीन म्हटलं, आपण चार म्हटलं, मध्ये कुठेतरी जमलं, दोघंही समाधानाने घरी गेली. तिथे समोरच्याला वस्तू हवी असते आणि आपल्यालाही ती द्यायची असते. पण पाव किमतीला मागणारा बहुतेक वेळा वस्तूची किंमत करतच नसतो. समोरची बाई किती लवकर ओशाळते, हे तो बघत असतो. असे वीस निरोप टाकले की एखादी कंटाळून देऊन टाकते, एवढाच त्याचा हिशोब.

आणि तो पहिला आकडा वाया जात नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवलं आणि विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण किती टक्के असेल? चाकावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ होता, ६५ आलेल्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता, तरी कानावर पडलेल्या आकड्याने मन खेचलं. तेच आपलं होतं. "हजार" ऐकल्यावर दोन हजार देणारा गिऱ्हाईक देवमाणूस वाटायला लागतो, आणि साडेचार हजार आपल्यालाच जास्त वाटू लागतात.

भाव पाडण्याचा कळस बघायचा असेल तर तांब्या-पितळेची वस्तू विकायला काढा. तांब्याच्या घंगाळाला मोड म्हणूनही भाव असतो. कासाराकडे किंवा भांड्यांच्या दुकानात नेलं तर वजन करून पैसे हातात पडतात. तरीही मोडीच्या निम्म्या भावाने मागणारे निरोप येतात, आणि वर "एवढं जुनं आहे" हे कारण! बाईने वजन केलेलं नसणार, चौकशी केलेली नसणार, असं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

आता आपल्या माणसांच्या बोलण्याकडे येते. कारण परक्याने पाडलेल्या भावापेक्षा घरच्यांचा उपदेश जास्त लागतो. "इतकी वर्षं दशलक्षण पर्वात उत्तम शौच ऐकता, आणि दोन हजारांसाठी एवढा लोभ?" "वस्तूचा मोह सोडवत नाही का?" असं म्हणणाऱ्यांना मी सरळ विचारते, यात लोभ कुणाचा? जी बाई वापरलेली वस्तू वाजवी किमतीला देते तिचा, की जो साडेचार हजारांची वस्तू हजारात उचलून आठवड्याभरात तीच तीन हजारांना विकायला टाकतो त्याचा?

अपरिग्रह म्हणजे वस्तूवरची आसक्ती सोडणं. वस्तू विकायला काढली तेव्हाच ती सुटली. पण तिची किंमत सर्वांत निलाजरेपणाने मागणाऱ्याच्या पदरात घालायची, असं त्यात कुठे सांगितलं आहे? द्यायचंच असेल तर दान आहेच की! आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकतो. "फायनल किती" म्हणणाऱ्याला दिलेली सूट यातल्या कोणत्या दानात बसते ते मला कुणी सांगावं. दान देणाऱ्याने आपण होऊन, प्रसन्न मनाने द्यायचं असतं. दटावून, लाजवून काढून घेतलेल्या पैशाला दान म्हणू नका. शिलाई मशीन एखाद्या गरजू मुलीला फुकट द्या, तिचा संसार उभा राहील. पण ते विकायचं ठरवलं असेल तर विका.

दुसरा मुद्दा घाईचा. आपल्या अंजनवेललाच याचे दोन मोठे धडे आहेत. इथला गोपाळगड किल्ला १९६० साली अवघ्या तीनशे रुपयांत खासगी मालकीत गेला, असं बातम्यांतून आपण सगळ्यांनी वाचलं आहे. तट, बुरूज, खंदक असलेला, दाभोळच्या खाडीच्या तोंडावर पहारा देणारा किल्ला! ज्याला आपल्या हातातल्या वस्तूचं मोल माहीत नसतं, त्याच्याकडून ती अशी जाते.

दुसरा धडा दाभोळ वीज प्रकल्पाचा. नाव दाभोळचं, पण जागा खाडीच्या अलीकडची, आपल्या अंजनवेल-वेलदूरच्या बाजूची. २००१ च्या मध्यावर प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. प्रकल्पाचा खर्च सुमारे २९० कोटी डॉलर, आणि त्यात एन्रॉनचा हिस्सा ६५ टक्के. तो हिस्सा पुढे २००४ साली जीई आणि बेक्टेल या भागीदारांनी दोन कोटी डॉलरच्या आसपास किमतीत घेतला. एन्रॉनबद्दल कळवळा येण्याचं काही कारण नाही, आणि त्या हिश्श्याला कर्जाची आणि कोर्टकज्ज्यांची शेपटं होतीच. पण व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. विकणारा मोडकळीला आला, वस्तू बंद पडून गंजायला लागली, की समोरचा सांगेल तो भाव. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं, तर "उद्या संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली पाहिजे" म्हणून घाई करणाऱ्या आपल्यासारखीचं काय होईल? म्हणून घर आवरायला महिनाभर आधी काढा. घाई गिऱ्हाईकाला वासावरून कळते.

समोरच्याचीही बाजू असते हे मी मान्य करते. जुनी वस्तू न बघता घ्यायची म्हणजे त्याला धाकधूक असणारच. चिपळूणहून किंवा शृंगारतळीहून इथवर यायचं, पलीकडून येणाऱ्याने धोपाव्याच्या फेरीबोटीचं भाडं भरायचं, टेम्पो करायचा, हा खर्च खरा आहे. तो मोकळेपणाने सांगणाऱ्याला दोन-तीनशे कमी करायला हरकत नाही. आणि विकणाऱ्या बाईनेही सरळ वागावं. कॉमर्सला आम्ही घसारा शिकलो तो पुस्तकात ठेवायला नव्हे. दहा वर्षं वापरलेल्या मिक्सरची किंमत आपल्या आठवणींवरून ठरत नाही. तोच मिक्सर आज नवा केवढ्याला मिळतो, आपला किती झिजला आणि तशीच जुनी वस्तू इतरांनी केवढ्याला लावली आहे, हे बघून किंमत ठरवावी. कपाटाचं दार लागत नसेल तर तसं लिहावं. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी वजनमापं आणि खऱ्याच्या जागी नकली माल खपवणं हेही सांगितलेलं आहे. खोट लपवणं त्याच घरातलं.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे व्यापारी होते. त्यांनी एकच भाव सांगायची शिस्त घालून घेतली. जो भाव घ्यायचाच नाही तो सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं ते मानत. दूरच्या पंथाची ही गोष्ट मला आपल्या सत्याणुव्रताच्या फार जवळची वाटते. त्यामुळे दुप्पट लिहून मग निम्म्यावर यायचं, हा खेळही आपण खेळू नये.

मग करायचं काय? मी जे सांगते ते साधं आहे. वस्तू टाकण्याआधी वहीत दोन आकडे लिहा. एक लावायची किंमत, दुसरी ज्याच्या खाली द्यायचं नाही ती. तांबं-पितळ असेल तर मोडीचा भाव आधी विचारून या, दुसरा आकडा त्याच्या खाली जाता कामा नये. पाव किमतीचा निरोप आला तर एकच उत्तर: "नाही, किंमत लिहिली आहे तीच." का, कशी, किती वर्षांची गोष्ट, हे सांगत बसू नका. कारणं दिली की तो एकेक कारण खोडत बसतो. राग तर मुळीच नको, रागाने आपलीच सामायिक मोडते. "काकांशी बोलू दे" म्हटलं तर, "वस्तू माझी आहे, बोलणं माझ्याशीच." उलट एखादा न बघता, न घासता पूर्ण किंमत द्यायला तयार झाला आणि मोबाईलवर क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगू लागला, तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. आणि गिऱ्हाईक घरी येणार असेल तर एकट्या असताना बोलावू नका.

आता एक बोलायचं राहिलं, आणि ते थोडं झोंबेल. ज्या बाईला हजाराच्या निरोपाने संताप येतो, तीच बाजारात सुपं-टोपल्या विकणारीला "एवढ्याला कोण घेतं" म्हणते. धुणंभांडी करणारीने शंभर रुपये वाढवून मागितले की महिनाभर तोंड वाकडं करते. तिथे "फायनल किती" आपणच म्हणत असतो. त्या टोपलीवालीला संध्याकाळच्या आत माल संपवून घरी जायचं असतं, तिची घाई आपल्याला दिसते आणि आपण ती वापरतो. आपल्या मशीनच्या भावासाठी ताठ उभं राहायचं असेल, तर तिच्या सुपाचा भावही मुकाट द्यायला शिकलं पाहिजे.

तेव्हा यंदा माळा काढाल तेव्हा दोन ढीग करा. एक द्यायचा, तो हसत द्या आणि त्याचा हिशोब ठेवू नका. दुसरा विकायचा, त्याचा हिशोब पैशापैशाने ठेवा. आणि कुणी "जाऊ दे ना, मिळेल ते घे" म्हटलं, तर त्याला विचारा की उरलेले साडेतीन हजार तू देतोस का?