मूल रडतंय म्हणून गुपचूप निघून जाऊ नका



जून महिना आला की शाळेच्या दारात दरवर्षी हेच दिसतं. तीन वर्षांचं लेकरू आईचा पदर धरून रडतंय आणि आम्ही बाई हळूच खुणावतो, "त्याचं लक्ष नाही तोवर निघा तुम्ही!"

मीही हेच करायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी बालवर्ग माझ्याकडे होता. एका मुलीला मी खिडकीतून खारूताई दाखवत बसले आणि तिची आई मागच्या मागे निघून गेली. थोड्या वेळाने मुलगी गप्प झाली. मला वाटलं, जमलं! आठवड्याने आई म्हणाली, "बाई, आता ही मला मोरीतसुद्धा एकटी जाऊ देत नाही." डी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगला गेला होता, पण खरा धडा मला त्या दिवशी मिळाला. मुलगी नुसती गप्प झाली होती, रुळली नव्हती. आई कधीही नाहीशी होऊ शकते, एवढंच ती शिकली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, मुलाला सांगूनच निघा. ते रडेल, रडू द्या. "बारा वाजता येते" हे त्याला कळत नाही, "खिचडी खाऊन झाली की येते" हे कळतं. आणि म्हटलंत तसं वेळेवर या. त्या मुलीच्या आईने असंच सुरू केलं. पहिले काही दिवस मुलगी जास्तच रडली. मग हळूहळू स्वतःच टाटा करू लागली.

मजुरीला किंवा नोकरीला जाणाऱ्या आईला आठवडाभर वर्गात बसणं जमत नाही, हे मान्य. आजी-आजोबा थोडा वेळ बसले तरी चालतं. शिक्षकांनीही पहिला आठवडा शाळा तासाभराचीच ठेवावी, शू-शीची जागा आधी दाखवावी, घरातलं एखादं खेळणं जवळ ठेवू द्यावं. आणि पालकहो, घरी "थांब, बाईंनाच सांगते" ही धमकी नको. ज्यांची भीती घातली, त्यांच्याकडे मूल आनंदाने कसं येईल?

आणखी एक घाई टाळू या. "पंधरा दिवस झाले, अजून अ-आ येत नाही!" अहो, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपल्याला तर फक्त दारात दोन मिनिटं थांबायचंय.

उद्या मुलाला सोडायला जाल तेव्हा खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघा, "येते हं" म्हणा आणि मगच निघा.